थिन लिझी ऐकायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की 'द बॉइज आर बॅक इन टाउन' सोडून थिन लिझी या आयरिश रॉक बँडचं काही ऐकलेलं नाही, आणि १२ स्टुडिओ अल्बमची यादी बघून कुठून सुरू करावं ते कळत नाही. माझं ऐकाल तर त्या यादीला तूर्त हातच लावू नका. पहिल्यापासून क्रमाने ऐकायला बसलात तर दुसऱ्या अल्बमपर्यंतच दम निघेल. सरळ १९७८ चा 'लाइव्ह अँड डेंजरस' लावा.

मला हा अल्बम मिळाला तो ६० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवलेला. मुळात ही दोन तबकड्यांची, सव्वा तासाच्या वरची मैफल. ती एका कॅसेटमध्ये कशी मावणार? पहिली बाजू अर्ध्या तासाला संपायची, आणि नेमकी 'स्टिल इन लव्ह विथ यू' चालू असताना. गाणं संथ, साडेसात मिनिटांचं. शेवटाकडे गिटार एकटीच बोलायला लागते, एकेक सूर ताणत वर चढते, आणि तेवढ्यात खट्ट! कॅसेट बंद. पुढचं मिनिटभर काय वाजतं ते मी थेट चार वर्षांनी सीडीवर ऐकलं.

हेच गाणं १९७४ च्या 'नाइटलाइफ'वर आहे. तिथे गिटार गॅरी मूरची आहे आणि ती छानच आहे, पण पूर्ण अल्बमवर इतकी साय धरलीय की हा रॉक बँड आहे यावर विश्वास बसत नाही. थिन लिझीची खरी अडचण ही होती. स्टेजवर पेटलेली माणसं स्टुडिओत गेली की गार व्हायची. म्हणून आधी लाइव्ह. त्यातला किती भाग नंतर स्टुडिओत दुरुस्त केला यावरून आजही भांडणं होतात. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो बराचसा, वादक म्हणतात थोडासा. मी वादकांच्या बाजूने आहे, पुराव्याशिवाय.

लाइव्ह ऐकताना तीन गोष्टींकडे कान ठेवा. पहिली म्हणजे जोडगिटार. कॅलिफोर्नियाचा स्कॉट गोरम आणि ग्लासगोचा ब्रायन रॉबर्टसन (बँडमध्ये आला तेव्हा जेमतेम १८ वर्षांचा) एकच चाल एकाच वेळी वाजवतात, पण दोन वेगळ्या सुरांवरून. एक सा धरतो तेव्हा दुसरा ग वर, आणि अंतर राखून दोघं एकत्र चढतात-उतरतात. नंतर आयर्न मेडन या हेवी मेटल बँडने याच युक्तीवर अख्खी कारकीर्द उभी केली. 'एमराल्ड'च्या शेवटी मात्र दोघं एकत्र वाजवत नाहीत. तिथे सरळ सवाल-जवाब आहे. हेडफोन लावा, म्हणजे कोण कुठे ते कळेल.

दुसरी गोष्ट ब्रायन डाउनी. या ड्रमरचं नाव कोणी घेत नाही याचा मला मनापासून राग आहे. तुमच्या त्या आवडत्या गाण्याचाच ठेका परत ऐका. सरळसोट धडधड नाही, झुलता ठेका आहे. तोच सरळ वाजवला असता तर गाण्यातली अर्धी मस्ती गेली असती.

आणि तिसरा अर्थातच फिल लायनट, बँडचा गायक आणि बास गिटारवाला. आई आयरिश, वडील ब्रिटिश गयानातले, जन्म इंग्लंडमधला आणि वाढला डब्लिनच्या क्रमलिन भागात, आजीकडे. पन्नाशीच्या दशकातल्या डब्लिनमध्ये सावळं पोर म्हणजे रस्त्यातला प्रत्येक माणूस वळून बघणार. बासला आरशाची पट्टी लावून तो प्रकाशझोत प्रेक्षकांच्या डोळ्यांवर परतवायचा. आता वळून बघणाऱ्यांचेच डोळे दिपायचे! गातो मात्र कट्ट्यावर बसून गोष्ट सांगितल्यासारखा. शब्द ओळीत मावत नसले तर कोंबतो, कधी मागे रेंगाळतो, पण सम चुकत नाही.

इतकं झालं की मग स्टुडिओ अल्बम. 'जेलब्रेक' (१९७६) तुम्ही ऐकणारच, त्याबद्दल वेगळं सांगत नाही. त्याच वर्षीचा 'जॉनी द फॉक्स' मला जास्त जवळचा आहे. 'जेलब्रेक' अमेरिकेत चालायला लागला आणि ऐन दौऱ्यात लायनटला कावीळ झाली. दौरा बोंबलला आणि दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने ही गाणी लिहिली. त्यातलं 'डोंट बिलीव्ह अ वर्ड' अडीच मिनिटांचंसुद्धा नाही. माझ्या एका शब्दावरही विश्वास ठेवू नकोस, असं प्रेयसीला सांगणारा प्रियकर, आणि तो इतक्या घाईत सांगतो की खरंच सांगतोय की पळ काढतोय ते कळत नाही.

'बॅड रेप्युटेशन' (१९७७) च्या मुखपृष्ठावर तिघंच दिसतात. लंडनमधल्या एका क्लबात मारामारी होऊन रॉबर्टसनचा हात कापला गेला होता, त्यामुळे बहुतेक सगळी गिटार गोरमने एकट्याने वाजवली. यावरचं 'डान्सिंग इन द मूनलाइट' हे हार्ड रॉक आवडत नाही म्हणणाऱ्या माणसाला ऐकवायचं गाणं. चुटक्या, सॅक्सोफोन, आणि शेवटची बस चुकलेला पोरगा. आमच्या घरी एवढंच चालतं.

'ब्लॅक रोझ' (१९७९) मात्र थांबून ऐका. गॅरी मूर परत आला होता. शेवटचं सात मिनिटांचं गाणं 'रोशीन डुव', म्हणजे काळा गुलाब. आयर्लंडच्या जुन्या काव्यात हे देशाचंच लाडकं टोपणनाव. लायनट त्यात आयरिश पुराणातल्या कूहुलिन या वीरापासून फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टपर्यंत सगळ्यांना एका माळेत ओवतो, जॉइस आणि वाइल्ड या आयरिश लेखकांच्या नावांवर कोट्या करतो, आणि मधेच मूरची गिटार 'डॅनी बॉय'वरून थेट फिडलवर वाजवायच्या एका नाचाच्या धुनेत घुसते. इतक्या वेगात ते बोटांना कसं जमतं हे मला आजवर कळलेलं नाही.

याच अल्बमवर 'सारा' आहे, नुकत्याच जन्मलेल्या मुलीसाठी. आता गंमत बघा. १९७२ च्या 'शेड्स ऑफ अ ब्लू ऑर्फनेज'वरही 'सारा' नावाचंच गाणं आहे, पण पूर्ण वेगळं. ते आजीसाठी, जिने त्याला वाढवलं तिच्यासाठी. मुलीला आजीचं नाव ठेवलं होतं. तो दुसरा अल्बम एरवी विस्कळीत आहे, पण एवढ्या गाण्यासाठी उघडा आणि दोन्ही लागोपाठ ऐका.

बाकीचं झटपट. 'व्हॅगाबाँड्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' (१९७३) बँडचा पहिला गिटारवादक एरिक बेल याच्या गिटारसाठी आणि 'द रॉकर'साठी. त्याचं मुखपृष्ठ काढणारा जिम फिट्झपॅट्रिक म्हणजे चे गेव्हाराचं ते लाल-काळं पोस्टर करणाराच. 'फायटिंग' ठीक. 'चायनाटाउन' आणि 'रेनेगेड' नंतर कधीतरी. 'थंडर अँड लायटनिंग' (१९८३) हा शेवटचा. जॉन साइक्सच्या गिटारमुळे जवळपास हेवी मेटल. त्याच वर्षी बँड फुटला आणि ४ जानेवारी १९८६ ला लायनट गेला, ३६ व्या वर्षी.

एक राहिलंच. 'डोंट बिलीव्ह अ वर्ड' आधी संथ ब्लूज होतं, बँडने ते पळवलं. संथ रूप गॅरी मूरच्या 'बॅक ऑन द स्ट्रीट्स'वर सापडेल, गायलाय लायनटच. कोणतं खरं यावरून माझा आणि माझ्या रूममेटचा वाद वीस वर्षं चालू आहे. मी संथवाला. तुम्ही दोन्ही ऐकून कळवा, त्याला दाखवायला एक मत तरी वाढेल.