त्रिकोणी भुईकोट

प्रश्न : माझा मामा नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये असतो. त्याने डम्फ्रिस गावाजवळच्या करलॅव्हरॉक किल्ल्याचे फोटो पाठवले. किल्ला चक्क त्रिकोणी आहे आणि भोवती आमच्या परंड्यासारखा खंदक. असा आकार कशासाठी? आणि मागची बाजू पडकी का?
– अकरावीची विद्यार्थिनी, परंडा

उत्तर : बेटा, तू परंड्याची, म्हणजे भुईकोट काय असतो हे तुला सांगायला नको. डोंगराचा आधार नाही, तेव्हा सगळी भिस्त खंदकावर, तटावर आणि दरवाजावर. करलॅव्हरॉकही भुईकोटच. सॉलवे खाडीकाठच्या सखल मुलखात मॅक्सवेल घराण्याने तेराव्या शतकात तो लाल वालुकाश्मात बांधला. त्यांचा आधीचा किल्ला तिथून जेमतेम २०० मीटरवर होता, पण ती जागा फार पाणथळ निघाली.

आता त्रिकोणाचं. किल्ल्याची नाजूक जागा म्हणजे दरवाजा. इथे तो थेट त्रिकोणाच्या टोकावर आहे आणि दोन्ही अंगांना एकेक जाडजूड गोल बुरूज. पूल ओलांडून येणारा शत्रू नेमका या दोघांच्या कचाट्यात सापडतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांना एकेक बुरूज दिला की तिन्ही तट नजरेखाली. त्यामुळे थोडी माणसंही किल्ला धरून ठेवू शकतात.

जुलै १३०० मध्ये हे दिसलंच. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड जातीने चालून आला. तोफा नव्हत्या, धोंडे फेकणारी अवजड यंत्रं होती. दोन दिवसांत किल्ला शरण आला, तेव्हा आतून बाहेर पडली सुमारे ६० माणसं! एवढ्या फौजेला एवढ्यांनी थोपवलं होतं. या वेढ्यावर जुन्या फ्रेंच भाषेत रचलेलं पोवाड्याच्या ढंगाचं काव्य आजही उपलब्ध आहे. किल्ला ढालीसारखा, तीनच बाजूंचा, असं त्यात म्हटलंय. शत्रूच्या बाजूच्या कवीने केलेलं हे वर्णन मला फार मोलाचं वाटतं.

तुमचा परंडा तोफांच्या काळातला. मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली ती परंड्याहूनच. तसलं धूड पेलायला बुरूज रुंद नि भक्कम हवेत. करलॅव्हरॉकचा मूळ बांधा धनुष्यबाणांच्या जमान्यातला. बंदुकांसाठी जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, तिथे मागाहून पाडल्या.

पडक्या बाजूची गोष्ट मात्र जिवाला लागते. १६३४ च्या सुमारास रॉबर्ट मॅक्सवेलने आतल्या चौकाला लागून तीन मजली देखणा वाडा उठवला. मोठाल्या खिडक्या, त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली घराण्याची चिन्हं आणि पुराणकथांतले प्रसंग. सहाच वर्षांत, १६४० मध्ये, स्कॉटलंडमधल्या धर्माच्या भांडणात किल्ल्याला वेढा पडला. मॅक्सवेल कॅथलिक, राजाच्या पक्षाचे. १३ आठवडे तग धरून त्यांनी किल्ला सोडला. तो पुन्हा लढवता येऊ नये म्हणून विरोधकांनी दक्षिणेचा तट आणि तिथल्या कोपऱ्याचा बुरूज पाडला. फोटोतलं भगदाड ते हेच.

मामाला सांग, चौकात उभं राहून त्या खिडक्यांचे जवळून फोटो काढ. बाहेरून नुसता लढाऊ कोट दिसतो. मॅक्सवेलांची हौस पाहायची तर आतच जायला हवं.