शिडाची छोटी बोट शिकायचीय? आधी थांबवायला शिका

तुमच्या पोस्टमधून मला तीन प्रश्न दिसतायत: वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला बोट जातेच कशी, सुरुवात मित्राच्या मोठ्या केबिनवाल्या बोटीवर करू की एकट्याच्या छोट्या डिंगीवर, आणि उलटली तर काय. पोहता बऱ्यापैकी येतं म्हणालात, उत्तम. व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरायला लागलंय असंही लिहिलंय, तर ते काही दिवस बंदच ठेवा, कारण व्हिडिओत वारा दिसत नाही आणि इथे जे काय आहे ते सगळं वाऱ्यातच आहे.

बोटीचं आधी उरकतो. छोटी डिंगीच घ्या, याबाबत माझं मत ठाम आहे. मोठ्या बोटीवर तुम्ही काही चुकीचं केलंत तर परिणाम दिसायला वेळ लागतो, मग तो नक्की कशामुळे झाला ते कळत नाही, आणि शेजारी कोणीतरी जाणकार असतोच जो "थांब, मी करतो" म्हणत दोरी हातातून काढून घेतो. डिंगी तिथल्या तिथे जाब विचारते. लहान मुलं ऑप्टिमिस्टवर शिकतात, क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये काढलेली ती २.३ मीटरची चौकोनी नाकाची बोट, पण त्यात मोठा माणूस मावत नाही. मोठ्यांसाठी लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात, सगळीकडे दिसते. साधारण ४.२ मीटर लांब, एकट्याची, आणि तिची गंमत अशी की बोट तीच ठेवून साधारण ४.७, ५.७ किंवा ७ चौरस मीटरचं शीड लावता येतं. कोणी कितीही म्हणो की तुमच्या वजनाला मोठंच शीड हवं, शिकताना लहान मागा. आणि तीसुद्धा अगदी पहिल्या दिवशी जरा जास्तच डगमगते, त्यामुळे शिकवणाऱ्यांकडे वेफेररसारखी रुंद, दोघा-तिघांची बोट असेल तर सुरुवात तिच्यावर करून मग एकट्याच्या बोटीवर या.

आता वारा. किनाऱ्यावर पोचलात की बोटीला हात लावायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे मिटा, डोकं हळूहळू फिरवा, दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा आला की तुमचं नाक बरोबर वाऱ्यात आहे. मग पाण्याकडे बघा. पाण्यावर गडद, खरखरीत दिसणारा पट्टा सरकत येत असेल तर तो वाऱ्याचा झोत आहे आणि तो तुमच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो याचा अंदाज बांधत बसा, पुढे हेच कामाला येतं. वारा ५ ते १० नॉट असेल तर शिकायला छान (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर). त्याहून फार कमी असेल तर बोट तुमचं काही ऐकतच नाही आणि शिकणंही होत नाही. जास्तीचं मात्र नीट समजून घ्या: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ८ नॉटला मजा येतेय म्हणून १६ नॉटला दुप्पट मजा येईल असं काही नसतं. लाटांच्या डोक्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की नवख्यांनी त्या दिवशी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांचं बघावं.

आणि दिशा! जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा, कारण किनाऱ्याजवळ पाणी एकदम सपाट दिसतं, बोट ढकलली की आपोआप निघते, वाटतं वा काय दिवस आहे, आणि बाहेर गेल्यावर वारा वाढलेला असतो, लाटा वाढलेल्या असतात आणि परत यायचं ते नेमकं वाऱ्याच्या तोंडावर. अशा दिवशी सोबतीला इंजिनची रेस्क्यू बोट नसेल तर सरळ घरी जा. किनाऱ्याला समांतर वारा सगळ्यात चांगला, जाणं-येणं दोन्ही सारखंच सोपं.

तुमचा विरुद्ध दिशेचा प्रश्न. घड्याळाची तबकडी डोळ्यासमोर आणा, मध्ये तुम्ही आणि वारा बाराच्या आकड्यावरून येतोय. साडेदहा ते दीड एवढ्या पट्ट्यात शिडाची बोट जात नाही, साधारण ४५ अंश इकडे आणि ४५ तिकडे. त्या पट्ट्यात नाक घातलं की शीड नुसतं फडफडतं आणि बोट थांबते. म्हणजे सरळ विरुद्ध कोणीच जात नाही, थोडा वेळ साडेदहाच्या रोखाने आणि मग वळून दीडच्या रोखाने असं नागमोडी करत वर चढायचं. तीन किंवा नऊच्या दिशेला, म्हणजे वारा आडवा घेऊन जाणं सगळ्यात सोपं, तिथूनच सुरुवात करा. सहाच्या दिशेला, वाऱ्याबरोबर जाताना एकदम शांत वाटतं, पण डिंगीवर धोका तिथेच जास्त, त्यावर खाली येतो.

पण साडेदहाला तरी ती पुढे का जाते? शीड वाऱ्याला नुसतं अडवत नाही, वळवतं. फुगलेल्या बाहेरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि जो जोर तयार होतो तो बराचसा बाजूला आणि थोडासा पुढे असतो. बाजूचा जोर पाण्याखालची फळी, म्हणजे सेंटरबोर्ड किंवा डॅगरबोर्ड, पेलते आणि पुढचा उरतो. हे वाचून पटणार नाही, करून बघा: आडव्या वाऱ्यात नीट चाललेली असताना फळी अर्धीअधिक वर ओढा (बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, अडकणार नाही एवढं बघा) आणि मागे वळून बोटीने पाण्यावर काढलेली रेघ बघा. रेघ बोटीच्या सरळ मागे न राहता तिरकी पडलेली दिसेल, म्हणजे नाक एकीकडे आणि प्रत्यक्षात जाताय भलतीकडेच. फळी खाली केली की रेघ परत सरळ. फळीचं काम एकदा असं डोळ्यांनी दिसलं की पुस्तकातली आकृती लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ती बहुतेक ठिकाणी उशिरा शिकवतात याचा मला राग आहे. बोट थांबवायला आधी शिका. आडव्या वाऱ्यात मेनशीट, म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी, हातातून सोडून द्या. शीड फडफडेल, भयंकर आवाज होईल, बोट सरळ होईल आणि थांबेल. बस, एवढंच. पण याची इतकी सवय व्हायला हवी की घाबरल्यावर हात आपोआप सुटला पाहिजे, कारण माणूस घाबरला की हातात असेल ते घट्ट धरतो आणि इथे नेमकं तेच उलटवतं. म्हणून सुरुवातीला मेनशीट क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवून ठेवायची नाही, दुखू दे हात, ग्लोव्हज घाला. फक्त वाऱ्याबरोबर जाताना ही युक्ती चालत नाही, दोरी सोडली तरी शिडात वारा राहतोच, तिथे आधी बोट वळवून वारा आडवा घ्यायचा आणि मग सोडायची.

शीड किती ओढायचं? फडफडेपर्यंत सोडा, मग डोलकाठीजवळची कड फडफडायची थांबेल एवढंच ओढा. दर थोड्या वेळाने परत सोडून तपासा. नवखे जवळपास सगळेच जास्त ओढतात, आणि त्याचं कारणही आहे: कमी ओढलेलं शीड आवाज करून सांगतं, जास्त ओढलेलं शीड मात्र गप्प, गुळगुळीत, दिसायला झकास असतं, बोट छान कलते, वाटतं काय पळतोय आपण, आणि शेजारची बोट सरळ उभी राहून शांतपणे पुढे निघून जाते. कललेली बोट हळू असते आणि वर ती आपोआप वाऱ्याकडे वळायला बघते, मग टिलरशी, म्हणजे सुकाणूच्या दांड्याशी, कुस्ती सुरू. टिलर जड लागायला लागला की तो जोरात ओढू नका, आधी दोरी सैल करा, मग अंग वाऱ्याच्या बाजूला काठाबाहेर झुकवा.

वळायचं कसं, म्हणजे टॅक. समजा तुम्ही उजव्या काठावर बसलाय, वारा उजवीकडून, डावा हात टिलरच्या एक्स्टेन्शनवर (टिलरला जोडलेली लांब काठी) आणि उजव्या हातात मेनशीट. आधी उजव्या खांद्यावरून, बोटीशी काटकोनात, लांबची एखादी खूण हेरा, वळल्यावर नाक साधारण तिथे असणार आहे. बोटीला वेग आहे ना बघा. मग टिलर स्वतःपासून लांब ढकला, सुरुवातीला हळू आणि मग जास्त, पण टोकापर्यंत नाही, नाहीतर सुकाणू ब्रेक होऊन बसतं. नाक वाऱ्यातून फिरतं, बूम तुमच्याकडे यायला निघते, खाली वाका, तोंड पुढे ठेवून पलीकडे जा आणि बसा. या क्षणी डावा हात अजून एक्स्टेन्शनवरच आहे, पाठीमागे, विचित्र वाटतं पण तसंच ठेवा. आधी टिलर मध्यावर आणा, बोट खुणेच्या रोखाने निघू दे, मग मेनशीटचा हात एक्स्टेन्शनवर नेऊन हातांची अदलाबदल करा. अर्ध्या वळणातच हात बदलायला गेलं की टिलर सुटतो आणि बोट गोल फिरते, त्यामुळे ही अदलाबदल जमिनीवर उभ्या केलेल्या बोटीत कंटाळा येईपर्यंत करा.

वेग कमी पडला तर बोट वाऱ्यात नाक घालून मधेच अडकते. घाबरायचं काही नाही. बूम आणि टिलर दोन्ही एकाच बाजूला, स्वतःपासून लांब ढकला, बोट मागे जात जात फिरते, जरा फिरली की दोन्ही जवळ ओढा आणि निघा.

वाऱ्याबरोबर जाताना शेपूट वाऱ्यातून फिरवून जे वळतात ते जाईब. यात बूम एका काठावरून दुसऱ्या काठावर सपकन येते आणि डोक्याला लागली तर खरंच जोरात लागते. हलक्या वाऱ्यात, शिकवणारा सोबत असताना शिका. तोपर्यंत बिनधास्त उलट्या बाजूने फिरून टॅक मारा, कोणी हसलं तर हसू दे, अनुभवी लोकही मोठ्या वाऱ्यात तेच करतात. वाऱ्याबरोबर जाताना वारा बूमच्या बाजूच्या कानावर लागायला लागला तर बूम न सांगता पलटायच्या बेतात आहे, लगेच बूमच्या विरुद्ध बाजूला थोडं वळा.

उलटली तर? उलटणारच, डिंगी आहे ती. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मुद्दाम उलटवून बघा, रेस्क्यू बोट जवळ असताना, म्हणजे भीती संपते. पाण्यात पडलात की पायात दोरी गुंतली नाही ना बघा आणि बोट सोडू नका. मेनशीट मोकळी करा. पोहत फळीच्या बाजूला या, जमलं तर नाक वाऱ्याकडे फिरवून घ्या, कारण शीड वाऱ्याकडे पसरलेलं असताना उचललं तर वारा त्याच्याखाली शिरतो आणि बोट सरळ होऊन थेट तुमच्या अंगावर पलटते. मग फळीवर चढा, बोटीच्या अगदी लगत पाय ठेवा (टोकावर उभं राहिलं तर फळी मोडते), काठ धरून मागे झुका आणि थांबा. शिडावरून पाणी निथळायला वेळ लागतो, सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं, मग एकदम उठते. इथे ताकदीपेक्षा वजन आणि धीर लागतो. जमलंच नाही तर बोटीला धरून बसा. किनारा दिसतो त्याहून लांब असतो, आणि उलटलेली बोट लांबून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. पोहता येतं म्हणून पोहत निघू नका.

अंगात काय घालायचं: डिंगीसाठी ५० न्यूटनचा बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं जाकीट, ज्यात हालचाल करता येते. १५० न्यूटनचं लाइफजॅकेट बेशुद्ध माणसालाही साधारणपणे उताणं करतं, ते मोठ्या बोटीवर ठीक, आणि आपोआप फुगणारं असेल तर डिंगीवर पहिल्याच बुडीत फुगून बसेल आणि मग त्या फुग्यासकट बोटीत चढून दाखवा. बंद बूट, चष्म्याला दोरी. कपडे हवेच्या नाही, पाण्याच्या तापमानाप्रमाणे.

रस्ता कोणी द्यायचा हे थोडक्यात, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे: दोन शिडाच्या बोटी आमनेसामने आल्या तर ज्याला वारा डावीकडून लागतोय त्याने बाजूला व्हायचं, दोघांना एकाच बाजूने असेल तर वाऱ्याकडे जो आहे त्याने, आणि ओव्हरटेक करणाऱ्याने नेहमीच. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची हे खरं, पण अरुंद चॅनेलमध्ये मोठं जहाज येत असेल तर हा हक्क विसरा, ते वळूच शकत नाही.

गाठी सुरुवातीला दोनच पुरतात, दोरीच्या टोकाला आठाची आणि फासा न आवळणारी बोलाइन. शीड चढवताना बोटीचं नाक वाऱ्यात ठेवा. आणि पाण्यात ढकलायच्या आधी मागचं ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावलंय का ते हाताने चाचपा, नुसतं बघू नका.

परत येताना जेट्टीकडे वाऱ्याबरोबर सुसाट यायचं नाही. वारा जातो त्या बाजूने, साडेदहा किंवा दीडच्या जरा खालच्या कोनातून या, दोरी सोडत-ओढत चालण्याच्या वेगावर आणा आणि शेवटच्या बोटीच्या लांबीएवढ्या अंतरात दोरी पूर्ण सोडा. वेग जास्त वाटला तर हाताने-पायाने जेट्टी अडवायला जाऊ नका, बोटं सापडतात, सरळ फिरून परत या. मित्राच्या मोठ्या बोटीवर नंतर जाच, पण तो दोरी मागायला लागला तर देऊ नका.