पाणबुडीचा हिशेब यानाला लावू नका

तुमच्या विज्ञानकथेच्या तक्त्यात अवकाशयानांचे वर्ग लांबीवर पाडलेत: ८० मीटरचं फ्रिगेट, २०० मीटरची क्रूझर, ४०० मीटरची बॅटलशिप. सगळ्यांत अणुभट्टी आणि पुढे शेरा, ‘इंधन २० वर्षं पुरतं’. मग तुमचा प्रश्न, की शत्रूने इंधनाचा डेपो उडवला तरी कथेत कुणाचं काहीच का अडत नाही? अशाच शेऱ्यापायी मला माझ्या कथेचा अख्खा नकाशा पुन्हा काढावा लागला होता, म्हणून सविस्तर लिहितो. त्सिओल्कोव्हस्कीचं समीकरण, म्हणजे किती माल किती वेगाने मागे फेकला की यानाचा वेग किती बदलतो याचं गणित, माहीत आहे असं धरतो.

अणुपाणबुडीला वर्षानुवर्षं इंधन भरावं लागत नाही, कारण ढकलायला पाणी बाहेर फुकट असतं. यानाला मागे फेकायचा मालही सोबत न्यावा लागतो. युरेनियम ही ऊर्जा. फेकायचा माल म्हणजे हायड्रोजन, आणि संपतो तो हाच. तक्त्यात ‘इंधन’ आणि ‘फेकमाल’ असे दोन रकाने करा.

आता आकडे. नेर्वा या अमेरिकेच्या अणुरॉकेट प्रकल्पातल्यासारखं अणुइंजिन घ्या, मागे फेकलेल्या झोताचा वेग सेकंदाला ८ किमी धरा. भरलेलं यान १००० टन. एकूण ८ किमी/सेकंद वेगबदल हवा असेल तर ६३२ टन हायड्रोजन जातो, ३६८ टन उरतात. १६ हवा असेल तर उरतात १३५. टाकीचं वजन हायड्रोजनच्या दहाव्या हिश्शाइतकं धरलं तर त्यातले ८६ टन टाकीचेच. इंजिन, माणसं, तोफा सगळं ४९ टनांत बसवा. २४ मागाल तर टाकी ९५ टनांची आणि उरलेलं यान ५० टनांचं. म्हणजे असं यान होतच नाही. टप्प्याटप्प्याने टाक्या टाकून द्या किंवा वाटेत भरून घ्या, आणि इथेच तुमच्या डेपोला किंमत येते.

शिवाय द्रव हायड्रोजन घनमीटरला जेमतेम ७१ किलो. वरचे ६३२ टन ठेवायला जवळपास २६ मीटर व्यासाचा गोल लागतो, तोही उणे २५३ अंशांवर. छोटं, चपळ फ्रिगेट बहुतांशी टाकीच असेल. बर्फ वितळवून पाणी फेकलं तर टाकी लहान होते, पण झोताचा वेग निम्म्यावर येतो आणि तापलेली वाफ भट्टीचा गाभा खाते. मी गरीब वसाहतींना पाणी आणि आरमाराला हायड्रोजन देईन. हे माझं मत, नियम नव्हे.

म्हणून वर्ग लांबीवर नको. भरल्या टाकीचा वेगबदल, भरल्या टाकीचं त्वरण आणि फेकमाल कुठे मिळतो, या तिन्हींवर पाडा. टाकी रिकामी होताना त्वरण वाढतं हे विसरू नका: ८ किमीवालं यान शेवटी पावणेतीनपट जोरात पळतं, त्यामुळे पाठलागाचे प्रसंग बदलतात.

‘आमच्याकडे फ्यूजन (अणुसंमीलन) इंजिन आहे’ म्हणालात तर उष्णता मोजा. १००० टनांचं यान, त्वरण ०.१ मीटर/सेकंद², झोत १०० किमी/सेकंद: झोताची शक्ती ५ गिगावॉट. त्याच्या दहा टक्के उष्णता यानात राहिली तरी १००० केल्विनच्या, दोन्ही बाजूंनी उष्णता बाहेर सोडणाऱ्या पंखांचं (रेडिएटरचं) क्षेत्र सुमारे ४४०० चौरस मीटर लागतं. लढाईत पहिला नेम त्यांच्यावरच.

नावांचं म्हणाल तर इंग्रजी आरमाराच्या उतरंडीपेक्षा आपल्या मराठा आरमारातलं गुराब-गलबत पाहा: गुराब म्हणजे मोठं शिडाचं लढाऊ जहाज, गलबत त्याहून लहान. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढून नेत. तुमच्या ओढयानांना ‘गलबत’ म्हटलंत तर काम नावातच आलं.