पैलवानकी सुटली, पुढं काय?

विट्याजवळच्या एका गावातून वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा 27 वर्षांचा, दहा वर्षं तालमीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कुस्ती बंद केली. आठ महिने झाले, दुपारपर्यंत झोपतो, जत्रेत कुस्त्यांचं मैदान असलं की दार लावून घेतो. "पोलीस भरतीला बसवू की दुकान घालून देऊ?" असं ते विचारतात.

नमस्कार दादा,

दोन्हीची घाई नको. भरतीत 1600 मीटर धावायचं असतं. या गुडघ्यावर तिथं मागं पडला, तर पोरगा दुसऱ्यांदा चितपट होईल.

त्याच्याशी आधी एकांतात बोला. "जगून काय करू" असं काही तोंडून आलं किंवा दारू वाढली, तर त्याच दिवशी 14416 या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर, फोन करा. सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी केला तरी चालतो.

हा आळस नाही, दादा. पहाटे उठवणारा वस्ताद, जोर-बैठका, खुराक, संध्याकाळची लढत, असा दहा वर्षं त्याचा दिवस दुसऱ्यानं आखून दिला होता. तो एका झटक्यात गेला. कुस्तीत रगडून सुजलेले, 'फुटलेले' कान मात्र तसेच आहेत, त्यामुळं चौकात हाक अजून 'पैलवान' अशीच येते, आणि तीच टोचत असणार. 2008 चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यावर आलेल्या पोकळीबद्दल नेमबाज अभिनव बिंद्रासुद्धा उघड बोलला आहे.

अंगमेहनत एकदम तुटली की झोप आणि मन दोन्ही बिघडतं. म्हणून फिजिओला विचारून रोज पाऊण तास व्यायाम, तोही जुन्याच पहाटेच्या वेळी. खुराक मात्र हळूहळू कमी करा. दूध-तूप-बदाम पहिल्याइतकेच राहिले तर वाढलेलं वजन थेट गुडघ्यावर येतं.

महिनाभरानं वस्तादांना भेटा. आठवड्यातून दोन संध्याकाळी बारक्या पोरांना डाव शिकवायचं काम त्याला द्यायला सांगा. नुसतं कट्ट्यावर बसवू नका, त्यानं जखम चिघळते. शिकवण्यात जीव रमला तर पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक कोर्स आहे. पदवी राहिली असेल तर मुक्त विद्यापीठातून पूर्ण करू द्या, पुढं बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला ती लागतेच.

तोवर राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं शोधून क्रीडा खात्याकडून पडताळून घ्या. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण पडताळणीशिवाय मिळत नाही, आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते. पोलीस भरती सोडून बसून करायच्या कामाच्या जागाही त्यात असतात.

दुकानाचे पैसे वर्षभर बँकेतच राहू द्यात.