आजी-आजोबांना घेऊन अलास्का: चार कोटेशनं, कोणती क्रूझ?

प्रश्न: नमस्कार. आम्ही नाशिकचे. मे महिन्याच्या अखेरीस निघून साधारण दोन आठवडे सगळ्या कुटुंबाने अलास्काच्या क्रूझवर जायचं ठरवतोय. सासरे ७२ वर्षांचे आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात पण सावकाश. सासूबाई पूर्ण शाकाहारी. आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. धाकटे दीर सिएटलला असतात, ते तिथून येतील. एजंटने चार कोटेशनं दिली आहेत. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन सिएटलहून सुटतात, प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका कॅनडातल्या व्हँकुव्हरहून. दरांत फार फरक नाही. मुलाला गो-कार्टवालं जहाज हवंय, सासऱ्यांना फक्त बर्फ बघायचाय. कोणती कंपनी घ्यावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, कोटेशनं थोडी बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. मी वेंगुर्ल्याचा. जहाजाच्या गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर बरेच उन्हाळे अलास्कात काढले आहेत. काउंटरवर येणारं कुटुंब खूश आहे की थकलेलं, हे जहाज कुठून सुटलं आणि कुठे लागलं यावर जास्त ठरायचं, घसरगुंड्यांवर कमी.

सिएटलहून सुटणारी जहाजं बहुतेक वेळा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. तिथे जहाज हलतं. व्हँकुव्हरहून सुटलेलं जहाज बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातं. दोन्ही बाजूंना देवदार-सूचिपर्णींचे डोंगर, पाणी बहुतेक शांत, आणि पहिल्या दिवसापासून खिडकीबाहेर बघायला काहीतरी असतं. शिवाय परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं असेल, तर १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणून सिएटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, तेही बऱ्याचदा संध्याकाळी उशिरा आणि काही तासांपुरती. अडीच वर्षांची मुलगी तोवर झोपलेली असणार. दीर सिएटलला आहेत म्हणून सिएटल सोयीचं वाटेल, पण तिथून व्हँकुव्हर गाडीने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे. चार दिवस त्यांच्याकडे राहा आणि सगळे मिळून गाडीने वर जा.

सासऱ्यांना बर्फ बघायचाय ना? मग पत्रकात 'ग्लेशियर बे' हे दोन शब्द आहेत का, ते शोधा. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी मिळते. त्यांतल्या बहुतेक फेऱ्या प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकेकडे आहेत, काही नॉर्वेजियनकडे. रॉयल कॅरिबियन सहसा हबर्ड ग्लेशियर किंवा एंडिकॉट आर्मला नेतं. तेही सुंदर आहेत, पण ग्लेशियर बेची गोष्ट वेगळी. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं तिथे पोचली तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज ती भिंत गाठायला तुमचं जहाज शंभरेक किलोमीटर आत जातं. सव्वादोनशे वर्षांत एवढं बर्फ मागे सरलंय. उद्यानाचे रेंजर सकाळी जहाजावर चढतात आणि माइकवरून सगळं सांगत राहतात. किनाऱ्यावर उतरवत नाहीत, म्हणजे सासऱ्यांना एक पायरीही चढायची नाही. हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी सावकाश फिरतं, त्यामुळे डावी-उजवी दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. 'उजवीकडची केबिन घ्या, थोडे जास्त पडतील' असं एजंट म्हणाला तर त्या एका दिवसासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो, तेव्हा आधी दिसतं आणि आवाज मागाहून येतो. मुलाला मोबाइल खिशात ठेवायला सांगा.

आता कंपन्या. रॉयल कॅरिबियनची अलास्कातली मोठी जहाजं चार हजारांहून जास्त प्रवाशांची. बंपर कार, चढायची भिंत, हवेत तरंगायचा बोगदा, समुद्रावर उचलून नेणारी काचेची खोली. तुमच्या मुलाला तिथे दिवस अपुरे पडतील. अडीच वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने तर चौघांत हीच कंपनी उजवी, कारण या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी तासावर पैसे घेणारं पाळणाघर असतं. बाकी ठिकाणी किड्स क्लब तीन वर्षांपासून पुढे. यात कोणी सूट देत नाही. पहिल्याच दिवशी 'दोनच महिने कमी आहेत हो' म्हणत रडवेल्या चेहऱ्याने काउंटरवर आलेल्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना नाही म्हणावं लागायचं. पोहण्याच्या तलावाचंही तेच. डायपरमधलं मूल पाण्यात उतरवू देत नाहीत. छोटा टब बरोबर न्या, बाथरूममध्ये खेळेल.

नॉर्वेजियनच्या ब्लिससारख्या जहाजावर गो-कार्टचा ट्रॅक खरोखर आहे, त्याला वेगळे पैसे पडतात. जेवणाची ठरलेली वेळ नाही, कपड्यांचा आग्रह नाही, हे लहान मुलांच्या घरांना बरं पडतं. पण अलास्कातल्या केचिकान या बंदराला त्यांची जहाजं गावात न लागता वॉर्ड कोव्ह नावाच्या धक्क्याला लागतात. तिथून गाव दहा-बारा किलोमीटर, बसने जायचं. रांग, बस, परतीची रांग. धडधाकट माणसाला यात काही नाही. सासऱ्यांचा गुडघा मात्र तिथेच बोलायला लागेल.

हॉलंड अमेरिकेची जहाजं लहान, शांत, जेवण चांगलं, संध्याकाळी वाद्यसंगीत. सासू-सासरे दोघंच जाणार असते तर मी डोळे मिटून हेच सांगितलं असतं. तुमच्या मुलाला मात्र जोडीदार मिळणार नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्यापर्यंत चालू असतात. मेअखेरीस कुठल्याच जहाजावर फार मुलं नसतात, आणि यांच्याकडे तर एरवीही कमीच.

माझं उत्तर प्रिन्सेस. १९६९ पासून ही कंपनी अलास्कात जहाजं नेते आहे. जहाज मोठं आहे, पण गोंगाटाचं नाही. किड्स क्लब बरा आहे. आणि प्रत्येकाला एक लहान चकती देतात, गळ्यात किंवा मनगटावर घालायची. केबिनचं दार तिनेच उघडतं, आणि कोण कुठल्या डेकवर आहे ते मोबाइलवर दिसतं. सात माणसांचं कुटुंब, त्यात एक अकरा वर्षांचा आणि एक आजोबा, दोघंही न सांगता भटकणारे! या एका सोयीने तुमचे रोजचे शोधाशोधीचे तास वाचतील.

दोन आठवडे कसे भरायचे, यावर मला थोडं ठामपणे बोलू द्या. एजंट तुम्हाला सात रात्री जहाज आणि पुढे डेनाली पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानाची जमिनीवरची सहल सुचवेल. डेनाली अप्रतिम आहे, पण तिथे पोचायला दिवसभराची रेल्वे आणि बस, रोज नाही तर दिवसाआड बॅगा भरायच्या, आणि एवढं करून पर्वत ढगांत असू शकतो. त्याऐवजी व्हँकुव्हर ते व्हिटियर (अलास्कातलं अँकरेजजवळचं बंदर) आणि व्हिटियर ते व्हँकुव्हर अशा पाठोपाठच्या दोन सफरी एकाच जहाजावर, एकाच केबिनमध्ये मिळतात का ते विचारा. बॅग एकदा उघडायची ती चौदा रात्रींनी बंद करायची. जुनो, स्कॅगवे, केचिकान दोनदा लागतील, ते फायद्याचंच. पहिल्या खेपेला ढगाळ असलं तर देवमासे बघायची होडी दुसऱ्या खेपेला घ्या. जुनो ही राज्याची राजधानी असून तिथे बाहेरून एकही रस्ता येत नाही. तिथला मेंडेनहॉल ग्लेशियर गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि बघायच्या जागेपर्यंत सपाट वाट आहे. स्कॅगवेला व्हाइट पास रेल्वेत सगळ्यांनी बसा. सोन्याच्या शोधात निघालेल्या गर्दीसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेला हा तीन फुटी अरुंद रूळमार्ग समुद्रसपाटीपासून ८७३ मीटर चढतो. चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट असलेले डबेही आहेत, बुकिंग करतानाच सांगायचं. गो-कार्टचं दुःख मुलगा तिथे विसरेल.

व्हिसा आधी, तिकीट नंतर. अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा आणि कॅनडाचा वेगळा हवा. जहाजावरून व्हिक्टोरियाला उतरला नाहीत तरी सिएटलच्या सफरीलासुद्धा कॅनडाचा व्हिसा लागतो, हे अनेक एजंट शेवटच्या महिन्यात सांगतात. दिरांकडे ग्रीन कार्ड असेल तर त्यांना कॅनडाचा व्हिसा नको. एच-वन-बी असेल तर हवा, आणि पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का चालू तारखेचा आहे ना, तेही त्यांनी आजच बघावं.

केबिन अशा घ्या: सासू-सासऱ्यांना बाल्कनी, जहाजाच्या मध्यावर, लिफ्टपासून जवळ पण अगदी समोर नको. तुम्हाला त्यांच्या समोरच, मधल्या बोळाच्या पलीकडे, बिनखिडकीची चार जणांची. ती स्वस्त पडते, शिवाय तिच्यात पूर्ण काळोख होतो. जूनच्या सुरुवातीला जुनोत रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे चारला पुन्हा सूर्य, त्यामुळे मुलगी तुमच्याकडेच नीट झोपेल. दिवसभर सगळे आजीच्या बाल्कनीत जमणारच आहात. एकट्या माणसाला बहुधा दोघांचं भाडं पडतं, तेव्हा दिरांनी मुलाबरोबर एक केबिन घेतली तर कसं बसतं तेही एजंटला मांडायला सांगा.

कोटेशनं तुलनेला घेताना चारही एका पातळीवर आणा. अमेरिकी कंपन्या माणशी दर दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप लावतात, बहुतेक ठिकाणी अडीच वर्षांच्या मुलीलाही. सात माणसं, चौदा दिवस, हिशेब करा. पेयांच्या पॅकेजमध्ये घाईने अडकू नका. रॉयलमध्ये एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं. पाणी, चहा, साधी कॉफी फुकटच असते. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं, म्हणून सासऱ्यांच्या विम्यात आधीपासूनचे आजार आणि जहाजावरून इस्पितळात हलवण्याचा खर्च, दोन्ही लिहिलेलं दिसलं पाहिजे. परदेशी सहलीच्या पैशांवर टीसीएस हा कर आधीच कापला जाईल, त्याची पावती रिटर्नसाठी जपा.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी करू नका, फक्त दोन कामं करा. बुकिंगबरोबर 'भारतीय शाकाहारी' असं लेखी कळवा. आणि पहिल्या रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये हेड वेटरला भेटून उद्या काय हवंय ते आज सांगा. गोव्या-मुंबईकडचे स्वयंपाकी पुष्कळ जहाजांवर आहेत. आदल्या दिवशी निरोप मिळाला तर वरण, भात, भाजी प्रेमाने करून देतात. बुफेत ऐनवेळी मागितलं तर मात्र सलाड वाट्याला येतं. लाडू, चकली, मेतकूट बंद पाकिटांत न्या. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, बॅग तपासताना काढून घेतात.

कपड्यांचं एवढंच: केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या कोकणाच्या तोडीचा, पण चार महिन्यांत न कोसळता वर्षभर रिपरिपत राहणारा. छत्री वाऱ्यात टिकत नाही. टोपीचं रेनकोट-जॅकेट प्रत्येकाला घ्या.

प्रश्न: पुढच्या वर्षी आम्हीही लांबच्या क्रूझचा विचार करतोय, पण बायकोला बोट लागते. आधी मुंबईहून लहान सफर करून बघावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: जरूर बघा. कॉर्डेलियाची मुंबई-गोवा सफर दोन-तीन रात्रींची असते, व्हिसा नको, जैन जेवणही मिळतं. त्यांचं एम्प्रेस हे १९९० चं, सुमारे ४८ हजार टनांचं जहाज, आजच्या मोठ्या जहाजांच्या मानाने लहान, म्हणून हलणं जास्त जाणवतं. त्यावर वहिनींना ठीक वाटलं तर दीड-दोन लाख टनांच्या जहाजावर बहुधा काहीच वाटणार नाही. केबिन खालच्या डेकवर आणि मध्यावर मागा. टोकाची आणि वरची टाळा. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, जहाज सुटायच्या आधी. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाक खिशात असू द्या आणि नजर क्षितिजावर. सफर डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या, तेव्हा अरबी समुद्र सगळ्यात शांत असतो. मे उजाडला की वारा फिरायला लागतो, आणि पावसाळ्यात मुंबईच्या फेऱ्या बंदच असतात.