वाचकांचे प्रश्न : चित्रातली राणी नेमकी कोण?

प्रश्न : लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतील एका पूर्णाकृती चित्राखाली जुन्या पुस्तकात ‘लेडी जेन ग्रे’ (इंग्लंडच्या गादीवर जेमतेम नऊ दिवस बसलेली राणी) असे छापले आहे, तर नव्या पुस्तकात ‘कॅथरीन पार’. खरे कोणते?

उत्तर : कॅथरीन पार, म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची सहावी राणी. चित्राची जुनी ओळखही तीच होती. 1960 च्या दशकात ती बाजूला सारून जेनचे नाव दिले गेले. पुढे 1996 मध्ये इतिहास-अभ्यासक सुसान जेम्स यांनी दागिन्यांच्या आधारे कॅथरीनचे नाव पुन्हा प्रस्थापित केले. छातीवरचा, वर मुकुट असलेला ब्रोच कॅथरीनच्या दागिन्यांच्या यादीत सापडतो. कोरीव मुखाकृतींचे मणी मात्र बहुधा आधीची राणी कॅथरीन हॉवर्ड हिचे असावेत.

हे मणी बारकाईने विचारात घ्यायला हवेत. राजघराण्याचे जवाहीर एका राणीकडून दुसरीकडे जात असे. त्यामुळे एकटा दागिना ‘ही राणी असावी’ एवढेच सांगतो. कोणती, ते काळ आणि वय ठरवतात. चित्र साधारण 1545 चे आहे. जेनचा जन्म 1537 च्या सुमाराचा, म्हणजे तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची. चित्रातली स्त्री चांगली प्रौढ आहे.

म्हणून आधी काळ ठरवावा, नाव शेवटी. चित्र ओकच्या फळीवर असेल तर लाकडातली वर्षवलये (दरवर्षी वाढणारी कडी) मोजतात. पण सुतार सालीलगतचे कोवळे लाकूड तासून टाकत असल्याने ‘या वर्षाच्या आधीचे नाही’ इतकेच कळते. मग बाह्या, शिरोभूषण, गळ्याची पट्टी यांची तुलना तारीख पक्की असलेल्या चित्रांशी करावी.

चित्रावर लिहिलेल्या नावावर सर्वांत कमी विसंबावे. अक्षरांचा रंग जुन्या भेगांत उतरलेला दिसला, तर भेगा आधीच्या आणि नाव नंतरचे. वयाचा लॅटिन मजकूर असेल तर ‘21’ म्हणजे एकविसावे वर्ष चालू, पूर्ण झालेली वीसच. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे साल 25 मार्चला सुरू होई. 1 जानेवारी ते 24 मार्चमधल्या तारखांत एका वर्षाची गफलत हमखास होते.

प्रश्न : आपल्याकडच्या जुन्या चित्रांना हीच पद्धत लावता येते का?

उत्तर : येते, खुणा तेवढ्या वेगळ्या. जाम्याचे (लांब अंगरख्याचे) बंद पाहा : मोगल काळात हिंदू ते डाव्या बगलेखाली बांधत, मुसलमान उजव्या. मात्र समोर युरोपीय छापील खोदचित्र असेल तर ही खूण फसवते, कारण तांब्याच्या पत्र्यावरून छापताना चित्राची डावी-उजवी बाजू उलटी उमटते. तलवार आणि हातही तपासावेत. तेही उलटलेले वाटले तर चित्र आरशात पाहून मगच बंदांचा विचार करावा.

खालच्या नावाने केवढा घोटाळा होतो, याचे उदाहरण घरचेच आहे. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून महाराष्ट्रात प्रचलित होते. इतिहास-संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ती चूक दाखवून दिली आणि 1933 मध्ये महाराजांचे अस्सल चित्र प्रसिद्ध केले.