एमपी४ करायच्या आधी डब्यात काय आहे ते बघा

जुने व्हिडिओ एमपी४मध्ये बदलायचे असतील, तर सगळ्या फाइली एकदम कन्व्हर्टरमध्ये ओतू नका. आधी एखादी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून साठवलाय त्याची, माहिती बघा. एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे. आतला माल ठरतो कोडेकवर. एमओव्हीच्या डब्यात एमपी४लाही चालणारा एच.२६४ कोडेक निघाला, तर नव्याने एन्कोड करायची गरजच नाही. एफएफएमपेग या प्रोग्रॅमला 'कॉपी' सांगितलं की तो व्हिडिओ जसाच्या तसा एमपी४मध्ये हलवतो. काम झटक्यात होतं, दर्जा तसूभरही घटत नाही.

जुन्या कॅमकॉर्डरच्या डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइलींचं प्रकरण वेगळं. त्या तासाला साधारण १३ जीबी खातात, त्यामुळे लहान कराव्याशा वाटणारच. त्यासाठी हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरा, फुकट आहे. त्यातला दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, १८ ते २२च्या दरम्यान ठेवा. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीइंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र सलग करणं, मात्र विसरू नका. मी विसरलो होतो! झोपाळ्यावरच्या मुलीच्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा फुटल्या होत्या आणि रात्रभर चाललेलं काम पुन्हा करावं लागलं. म्हणून आधी भरपूर हालचाल असलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा करून बघा.

रिझोल्यूशन वाढवायच्या भानगडीत पडू नका, नसलेला तपशील कुठून येणार?

आणि हो, नव्या फाइलवर बहुतेक वेळा आजचीच तारीख पडते. चित्रीकरणाची तारीख फाइलच्या नावातच घाला. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर राहू द्या.